‘जॅक’ : पोराचे नाव, यंत्राचे नाव आणि बोलीतले बाकी सारे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद करताना ‘जॅक’ हा शब्द तीन ठिकाणी आला. पहिल्या ठिकाणी गाडीचे चाक बदलणारा माणूस जॅक मागतो, दुसऱ्या ठिकाणी एक पात्र दुसऱ्याबद्दल ‘ही डझन्ट नो जॅक’ म्हणते आणि तिसऱ्या ठिकाणी संपावर गेलेल्या कामगारांबद्दल ‘एव्हरी मॅन जॅक’ असा प्रयोग आहे. शब्दकोशात या एका शब्दाखाली अर्थांची रांग लागलेली असून त्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. तेव्हा हा शब्द एकच आहे की उच्चार सारखा असलेले अनेक शब्द आहेत, आणि हे सगळे अर्थ पाठ करावेत काय?

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करण्यात आणि कोशातील नोंदी तपासण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर हा शब्द एकच आहे आणि मुळात ते एका पोराचे नाव आहे. ते नाव कोणाचे होते आणि त्या पोराला कोणती कामे सांगितली जात, हे ध्यानात घेतले की बहुतेक अर्थ पाठ करावे लागत नाहीत.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जॉन हे नाव घरोघरी होते. त्याला ‘किन’ हा लाडाचा प्रत्यय लागून ‘जँकिन’ झाले, त्याचे ‘जॅकिन’ आणि पुढे ‘जॅक’. पांडुरंगाचा पांड्या व्हावा किंवा गणेशाचा गण्या व्हावा, तसाच हा प्रकार आहे. फ्रेंचमधील ‘जाक’ हे नाव दिसायला जवळचे असले तरी ते जेम्सचे रूप आहे; इंग्लंडमध्ये मात्र जॅक म्हणजे जॉन हेच नाते रूढ झाले. चौदाव्या शतकापर्यंत हे नाव कोणा एकाचे राहिले नव्हते, तर कुठल्याही सामान्य माणसाला चालणारे झाले होते. १३८१ च्या शेतकरी उठावातील धर्मोपदेशक जॉन बॉल याच्याशी जोडल्या गेलेल्या पत्रांत जॅक मिलर, जॅक कार्टर, जॅक ट्रूमन अशी नावे येतात, म्हणजे गिरणीवाला जॅक, गाडीवान जॅक आणि सच्चा जॅक. ही खऱ्या व्यक्तींची नावे असण्यापेक्षा रयतेने स्वतःला दिलेली नावे वाटतात. चहाच्या टपरीवरचा मुलगा कोणाचाही असो, त्याला ‘छोटू’ अशीच हाक जाते, आणि ‘कोणीही सोम्यागोम्या उठतो’ असे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे कोणी विशिष्ट सोमा किंवा गोमा नसतो. त्या काळचा जॅक नेमका तसाच होता.

‘एव्हरी मॅन जॅक’ हा प्रयोग याच थरातला आहे. यातला जॅक म्हणजे ‘माणूस’ या शब्दालाच जोर देण्यासाठी जोडलेले नाव. लाकूडतोड करणारा ‘लंबरजॅक’, उंच मनोऱ्यांवर आणि धुराड्यांवर चढून दुरुस्ती करणारा ‘स्टीपलजॅक’, जत्रेत स्वस्त माल ओरडून विकणारा ‘चीपजॅक’ ही सारी कष्टकरी मंडळी त्याच घरातली आहेत. खलाशाला ‘जॅक टार’ म्हणत, कारण जहाजावर डांबराशी त्याचा रोजचा संबंध येई.

‘जॅक ऑफ ऑल ट्रेड्स’ याविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण मराठी अनुवादात इथे हमखास चूक होते. सतराव्या शतकाच्या आरंभी हा प्रयोग लेखनात आढळतो आणि त्यात निंदा असायलाच हवी असे नव्हते. नाना कामे जाणणारा माणूस एवढाच त्याचा अर्थ होता. त्याच्याही आधी, १५९२ मध्ये, नाटककार रॉबर्ट ग्रीन याने नवख्या शेक्सपिअरला उद्देशून ‘योहानेस फॅक्टोटम’ असे म्हटले होते, म्हणजे सगळे काही करू पाहणारा जॉन, आणि त्यात मात्र उपहास होता. ‘मास्टर ऑफ नन’ ही शेपटी पुढे अठराव्या शतकात जोडली गेली आणि मग या प्रयोगाला कमीपणा चिकटला. अलीकडे समाजमाध्यमांवर ‘मूळ म्हण वेगळीच आहे’ असे सांगून तिसरी ओळ फिरवली जाते, जिच्यात अनेक कामे जाणणारा हा एकाच कामातल्या वस्तादापेक्षा बरा, असे म्हटलेले असते. ती ओळ जुनी नाही, आधुनिक आहे, हे ठामपणे लक्षात ठेवावे. मराठीत आपल्याकडे दोन्ही बाजूंसाठी तयार शब्द आहेत. प्रशंसा असेल तर ‘हरहुन्नरी’ आणि दोष दाखवायचा असेल तर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. बोलणाऱ्याचा सूर ओळखल्याशिवाय यांपैकी एकही वापरू नये.

आता यंत्राकडे येतो, कारण या शब्दाचे मर्म मला तिथे दिसते. काही वर्षांपूर्वी कसारा घाटाच्या अलीकडे आमच्या गाडीचे मागचे चाक बसले. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने आतूनच आवाज दिला, ‘छोटू, जॅक लाव.’ बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा दोन्ही हातांनी तो जड बाटलीसारखा जॅक पोटाशी धरून आला. जमीन भुसभुशीत होती म्हणून त्याने आधी एक फळकूट खाली सरकवले, पान्याने चाकाचे नट नुसते ढिले केले, मग जॅक चासीखाली बसवून दांडी वरखाली करू लागला. प्रत्येक दाबाबरोबर गाडी बोटभरही नाही इतकी वर येत होती, पण येत होती. त्या मुलाने शाळेत असायला हवे होते, ही बोच माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मात्र त्या एका हाकेत या शब्दाचा सगळा प्रवास माझ्यासमोर उभा राहिला होता, कारण उस्तादाने ज्याला हाक मारली तोही जॅक आणि जे मागितले तेही जॅक.

इंग्रजीत झाले ते असेच. पूर्वी हाताखालचा पोऱ्या जे काम करी ते एखादे साधन करू लागले की त्या साधनाला त्या पोऱ्याचेच नाव मिळे. मोठ्या घरांच्या मुदपाकखान्यांत विस्तवासमोर मांसाचा गज तासन्‌तास फिरवत बसायला मुलगा ठेवत. ते काम वजनावर किंवा कमानीवर चालणारे यंत्र करू लागले तेव्हा ते यंत्र जॅक झाले, आणि धुराड्यातून वर जाणाऱ्या गरम हवेच्या जोरावर फिरणारे ‘स्मोकजॅक’ झाले. धन्याचे बूट ओढून काढायला नोकर लागे. टाच अडकवून बूट निघेल अशी खाचेची फळी आली, ती ‘बूटजॅक’. ओझे खालून रेटून उचलायला गडी लागत. ते काम करणारे साधनही पुढे जॅक म्हणवले जाऊ लागले आणि आपल्या गॅरेजांत आजही तेच आहे. मराठीने साधनांना नावे देताना जनावरांकडे अधिक पाहिले, म्हणून बंदुकीला घोडा आहे आणि रंगाऱ्याकडे घोडी आहे. इंग्रजीतही तसे पुष्कळ आहे, पण जॅकच्या बाबतीत जनावराऐवजी नोकर पुढे आला. कोशात एखाद्या साधनापुढे ‘जॅक’ लागलेले दिसले की मी स्वतःला विचारतो, हे काम पूर्वी कोण करत असेल? दहांपैकी सात-आठ वेळा उत्तर मिळते.

पत्त्यांतल्या जॅकची कथा मला सर्वांत प्रिय आहे, कारण तिथे इंग्रजी आणि मराठी एकमेकींना न विचारता एकाच वाटेने गेल्या. ज्याला आपण गुलाम म्हणतो त्या पानाचे जुने इंग्रजी नाव ‘नेव्ह’. आज नेव्ह म्हणजे लबाड माणूस, परंतु त्याचा पहिला अर्थ मुलगा असा होता, आणि जर्मनमधील ‘क्नाबे’ हा त्याचा भाऊबंद आजही मुलगाच आहे. मुलगा, मग घरगडी, मग हलका माणूस, मग लबाड, अशी त्या शब्दाची उतरण झाली. ‘गुलाम’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, पण तो मूळचा अरबी आहे आणि अरबीत त्याचा पहिला अर्थ मुलगा, पोरगा असाच आहे. नंतर तो चाकर झाला आणि शेवटी दास झाला. जॅकही आधी पोर, मग नोकर. म्हणजे नेव्ह, गुलाम आणि जॅक हे तीन भाषांच्या उगमांतले तीन शब्द आधी मुलगा होते आणि तिघेही राजा-राणीच्या हाताखाली त्याच एका पानावर येऊन बसले. गुलामचोर खेळताना हाती आलेला तो एकटा गुलाम आपण लपवत बसतो, तेव्हा त्याच्या नावात एक पोरगा दडलेला आहे हे कोणाच्या मनातही येत नाही.

सतराव्या शतकापासून ‘ऑल फोर्स’ नावाच्या खेळात हुकमाच्या नेव्हला जॅक म्हणत, पण हा खेळ खालच्या वर्गाचा मानला जाई आणि म्हणून ते नावही गावंढळ समजले जाई. चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (१८६०-६१) गरीब घरातला पिप नेव्हला जॅक म्हणतो आणि श्रीमंत घरात वाढलेली एस्टेला त्याचा तिथल्या तिथे पाणउतारा करते. हा प्रसंग अनुवादकांना अवघड जातो, कारण मराठीत दोन्हींना गुलामच म्हणतात आणि मग हिणवण्याचे कारणच उरत नाही. तिथे पिपच्या तोंडी एखादा गावरान शब्द घालणे मला योग्य वाटते. पुढे पत्त्यांच्या कोपऱ्यांत अक्षरे छापण्याची पद्धत आली. नेव्हचे स्पेलिंगही ‘के’नेच सुरू होते, त्यामुळे किंगचे ‘के’ आणि नेव्हचे ‘के-एन’ हातात पंख्यासारख्या धरलेल्या पानांत सारखेच दिसू लागले. १८६४ च्या सुमारास अमेरिकेतील सॅम्युअल हार्ट यांनी आपल्या पत्त्यांवर ‘जे’ छापले आणि गावंढळ ठरलेले नाव हळूहळू सर्वमान्य झाले. ‘जॅकपॉट’ही इथूनच आला. पोकरच्या एका प्रकारात निदान दोन गुलामांची जोडी हाती आल्याशिवाय डाव उघडता येत नसे. तोवर प्रत्येक फेरीत पैसे साठत जात, आणि ती फुगलेली रक्कम म्हणजे जॅकपॉट.

नोकर हा धन्यापेक्षा लहान, या जाणिवेतून ‘लहान आकाराचे’ असाही एक अर्थ निघाला. लॉन बोल्समध्ये ज्या छोट्या चेंडूच्या जवळात जवळ आपले मोठे चेंडू नेऊन थांबवायचे असतात तो जॅक. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या चार महिलांनी ज्या खेळात सुवर्णपदक मिळवले तो हाच खेळ. जहाजाच्या नाळेवर लावायचा छोटा ध्वज तोही जॅक, आणि ‘युनियन जॅक’ या नावाचा बहुधा हाच उगम आहे. १६०६ मध्ये पहिल्या जेम्सने इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे क्रूस एका ध्वजात आणले, म्हणून जेम्सच्या नावावरून जॅक आला असे सांगणारे आहेत, पण लहान ध्वज हेच स्पष्टीकरण मला अधिक पटते. प्राण्यांत नराला जॅक म्हणतात, म्हणून गाढवाचा नर ‘जॅकॲस’, आणि गाढवासारखे लांब कान म्हणून अमेरिकेतला ‘जॅकरॅबिट’.

जहाजावरच्या या ध्वजामुळे माझ्या हातून एक चूक झाली होती, ती नव्या अनुवादकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आरंभीच्या काळात एका सागरी कथेत ‘यलो जॅक’ जहाजावर आला आणि माणसे मरू लागली, असे वाक्य होते. मी तो कोणी क्रूर समुद्री चाचा असणार असे समजून ‘पिवळा जॅक’ नावाचे पात्रच उभे केले. हस्तलिखित तपासणाऱ्या ज्येष्ठ संपादकांनी समासात एवढेच लिहिले, ‘हा माणूस बोलत का नाही?’ मग मी शोध घेतला. साथ असलेल्या जहाजावर पिवळा बावटा लावत, म्हणून तो यलो जॅक, आणि त्यावरून पीतज्वरालाही तेच नाव पडले. कथेत साथ चढली होती, माणूस नव्हे. तेव्हापासून मोठ्या अक्षराने लिहिलेला जॅक दिसला की तो बोलतो का, खातो का, चालतो का, हे मी आधी पाहतो.

हेडफोनचा जॅक मात्र नोकराच्या वाटेने थेट आलेला नाही. घडी घालून मिटता येणारा मोठा चाकू तो ‘जॅकनाइफ’. दूरध्वनीच्या आरंभीच्या काळात चार्ल्स स्क्रिब्नर या अमेरिकन अभियंत्याने तयार केलेली जोडणीची कळ त्या चाकूसारखी दिसे, म्हणून तिला जॅकनाइफ म्हणू लागले आणि पुढे नुसते जॅक राहिले. काटेकोर बोलायचे तर जॅक म्हणजे भोक आणि आत जातो तो प्लग. आपल्याकडे दुकानांत प्लगला पिन म्हणतात आणि कित्येकदा त्यालाच जॅकही म्हणतात, तेव्हा तांत्रिक मजकुरात हा भेद तपासून घ्यावा. लांब ट्रेलर वळणावर घसरून चाकूसारखा दुमडला गेला की तोही ‘जॅकनाइफ’ झाला असे म्हणतात.

आता बोलीतले अर्थ. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात, म्हणजे १९२० नंतर, चोरट्या दारूचे ट्रक वाटेत अडवून लुटणे याला ‘हायजॅक’ हा शब्द रुळला. लुटारू ‘हाय, जॅक!’ अशी हाक मारून गाडी थांबवत, ही व्युत्पत्ती रंजक आहे, सिद्ध झालेली नाही. पुढे या शब्दाचा उत्तरार्ध सुटा होऊन ‘जॅक’ म्हणजेच पळवणे असा अर्थ झाला. ‘कारजॅकिंग’ हा शब्द १९९१ च्या सुमारास डेट्रॉइटमधून पसरला. सार्वजनिक जागी लावलेल्या यूएसबी चार्जिंगच्या सोयीतून फोनमधली माहिती चोरणे याला ‘ज्यूस जॅकिंग’ म्हणतात आणि रिझर्व्ह बँकेनेही आपल्या पुस्तिकेत या प्रकाराविषयी ग्राहकांना सावध केले आहे.

‘नो जॅक’मधला जॅक म्हणजे काहीच नाही. हा एका अश्लील अमेरिकन जोडशब्दाचा सोवळा केलेला पूर्वार्ध आहे. मराठीत ‘त्याला शष्प कळत नाही’ असे अगदी सभ्य माणसेही म्हणून जातात, कारण त्या शब्दाचा मूळ अर्थ त्यांना माहीत नसतो किंवा झिजून गेलेला असतो. या जॅकची पातळी साधारण तीच आहे.

क्रियापद म्हणून जॅक आला की पुढचे अव्यय आणि बोलणाऱ्याचा देश, दोन्ही पाहावे लागतात. ‘जॅक अप’ म्हणजे सर्वत्र उचलणे किंवा भाव चढवणे. पण न्यूझीलंडमध्ये एखादी गोष्ट जमवून आणणे, ऑस्ट्रेलियात काम करायला नकार देणे, आणि ब्रिटनच्या व्यसनी वर्तुळात सुईने अमली पदार्थ टोचून घेणे. ब्रिटिश माणसाने नोकरी ‘जॅक इन’ केली म्हणजे सोडली. अमेरिकन तरुण ‘जॅक्ड’ आहे म्हणजे त्याने व्यायामाने शरीर कमावले आहे. ब्रिटिश सैन्यात एखाद्याला जॅक म्हटले तर तो आपमतलबी ठरतो, आणि फक्त स्वतःपुरता चहा करणे हा त्या दोषाचा ठरलेला नमुना आहे. लंडनच्या यमकी बोलीत ‘ऑन युअर जॅक’ म्हणजे एकट्याने, कारण ‘ऑन युअर ओन’मधल्या ‘ओन’शी ‘जॅक जोन्स’चे यमक जुळवलेले आहे. ऑस्ट्रेलियात शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांनी एक गोष्ट विशेष जपावी. तिथे एखाद्या गोष्टीचा वीट आला हे सांगताना जॅकपुढे एका ‘एफ’चा ‘ऑव्ह’ येतो. क्रियापदाला दोन ‘एफ’चा ‘ऑफ’ लागला तर तो प्रयोग हस्तमैथुनाविषयीचा आणि चारचौघांत न उच्चारण्याजोगा होतो.

ज्याचा जॉनशी काडीचाही संबंध नाही असा ठळक जॅक म्हणजे ‘जॅकफ्रूट’. मल्याळममधील ‘चक्का’चे पोर्तुगिजांनी ‘जाका’ केले आणि इंग्रजांनी त्या जाकाला आपल्या ओळखीचे नाव चिकटवले. गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, त्यातही जाकाची चर्चा आहे. मराठी फणस आणि कोकणी पणस मात्र संस्कृत ‘पनस’कडून आले आहेत.

शेवटी आपला स्वतःचा जॅक. ‘मंत्रालयात त्याचा जॅक आहे’, ‘जॅक लावून बदली करून घेतली’ असे आपण म्हणतो, तेव्हा अर्थ होतो वशिला. अडलेले ओझे खालून कोणीतरी रेटून वर उचलते, हे चित्र गॅरेजमधून सरळ कचेरीत गेले आहे. हा अर्थ मराठीने घडवला आहे. इंग्रज वाचकाला तो कळणार नाही, म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना इथे जॅक ठेवू नये.

तुमच्या तीन वाक्यांपैकी पहिल्यात ‘जॅक’ तसाच राहू द्यावा. चाक बदलणारा माणूस दुसरा शब्द बोलणार नाही. दुसऱ्यासाठी ‘त्याला यातले ओ की ठो कळत नाही’ हे मी निवडेन, आणि पात्र तोंडाचे फटकळ असेल तर ‘शष्प’ अधिक जवळ जाईल. तिसऱ्यात जॅक गाळून ‘एकजात सगळे’ किंवा ‘झाडून सगळे संपावर गेले’ असे लिहावे. मात्र कादंबरीत ते वाक्य संपाला घाबरलेल्या मालकाच्या तोंडी असेल तर ‘झाडून’ घ्यावे, आणि कामगारांच्या पुढाऱ्याच्या तोंडी असेल तर ‘एक न्‌ एक गडी संपावर गेला’ असे करावे, कारण ‘गडी’ या शब्दात माणूस, चाकर आणि खेळातला सोबती हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात आणि जॅकच्या इतक्या जवळचा दुसरा मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.